गोरखचिंच, म्हणजेच आफ्रिकेचा बाओबाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईच्या किल्ल्यात झाडं बघायला मी अधूनमधून लोकांना घेऊन जाते. तिथं फोटोसाठी सगळ्यात मोठी गर्दी होते ती गोरखचिंचेपाशी, आणि तिथूनच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेच प्रश्न इतक्यांदा ऐकले की एकदाची उत्तरं लिहून काढली. क्रम लोकांचाच ठेवलाय. त्यामुळे वय आधी आणि फळ नंतर आलंय. सेनेगाल किंवा टांझानियातल्या माणसानं विचारलं असतं तर क्रम नेमका उलटा झाला असता.

हे झाड नक्की कोणतं?

शास्त्रीय नाव अ‍ॅडान्सोनिया डिजिटाटा. मिशेल अ‍ॅडान्सन हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ साली सेनेगालला गेला आणि तिथं त्यानं या झाडाचं बारकाईनं वर्णन केलं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं त्याचंच नाव झाडाला दिलं. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखं, कारण एका देठावर पाच ते सात पर्णिका हाताच्या पंजासारख्या पसरलेल्या असतात. बाओबाबच्या एकूण आठ जाती मानतात. त्यांतल्या सहा मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे दिसते ती ही आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची.

कूळ ऐकून लोक हसतात: भेंडी, कापूस, जास्वंद आणि काटेसावर हे सगळे हिचे सोयरे. भेंडी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

मग हिला चिंच का म्हणतात? चिंचेशी काही नातं?

काहीही नाही. फळाचा गर आंबट, एवढ्यावर नाव पडलं. गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी आख्यायिका आहे, म्हणून गोरखचिंच. हिंदीत गोरख इमली किंवा खुरासानी इमली. गुजरातीत रूखडो, आणि चोर आंबली सुद्धा, कारण पोकळ बुंध्यात चोर लपायचे म्हणे. आपली विलायती चिंच हे आणखी तिसरंच झाड, त्याच्याशीही गल्लत नको.

गंमत अशी की आपण जिला घरची समजतो ती आमटीतली चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेचीच. अरबांनी तिला हिंदचा खजूर म्हटलं आणि ती हिंदची होऊन बसली. गोरखचिंचेला मात्र आपण अजून पाहुणीच ठेवलंय.

किती वर्षांचं आहे हे?

कुणी हजार म्हणतं, कुणी पाच हजार. घेर बघून सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. या झाडाच्या खोडात वाढीची कडी अस्पष्ट असतात आणि जुन्या झाडांचा गाभा बहुधा पोकळ, त्यामुळे कडी मोजून वय काढता येत नाही. शिवाय एक जाडजूड बुंधा वाटतो तो पुष्कळदा जवळजवळ वाढून एकमेकांत मिसळलेल्या अनेक खोडांचा असतो. रुमानियातले आद्रियान पात्रुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाच्या बारीक नमुन्यांवरून रेडिओकार्बन पद्धतीनं बऱ्याच झाडांची वयं काढली. त्यांत झिंबाब्वेमधलं पांके नावाचं झाड सुमारे २,४५० वर्षांचं निघालं. म्हणजे हजारो वर्षं जगण्याची ताकद या जातीत आहेच. पण पाणी आणि माती चांगली मिळाली तर झाड शंभर-दोनशे वर्षांतच एवढं फुगतं की बघणारा फसतो.

आपल्याकडे कुणी आणलं? पोर्तुगीजांनी?

एकट्या पोर्तुगीजांनी नाही. भारतातल्या झाडांची जनुकं आफ्रिकेतल्या झाडांशी ताडून पाहणारा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की ही झाडं एकाच वेळी आलेली नाहीत. वेगवेगळ्या काळात, अनेक खेपांत आली, आणि बऱ्याच झाडांचं मूळ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जातं. त्या किनाऱ्यावरून आपल्याकडे अरबी गलबतं येत होती, खलाशी, सैनिक आणि गुलाम म्हणून आणलेली माणसं येत होती. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दी हबशी. फळ टणक, महिनोन्‌महिने न सडणारं आणि आत आंबट, पौष्टिक खाऊ. लांबच्या समुद्रप्रवासाला याहून चांगली शिदोरी कोणती? बिया थुंकल्या तिथं झाड उगवलं, असं मी म्हणते. हा माझा तर्क आहे, इतिहास म्हणून पुढे सांगू नका.

दख्खन आणि माळव्यात जुनी झाडं कुठं आहेत ते पाहा: गोवळकोंड्याचं हत्तियां का झाड, ज्याचा घेर २५ मीटरच्या पुढे आहे, विजापूरची झाडं, आणि मांडू. मांडूत तर गडावर जागोजागी आहेत, आणि रस्त्याकडेला फळं विकायलाही ठेवलेली असतात.

झाड उलटं लावल्यासारखं का दिसतं?

पानं झडली की फांद्या मुळांसारख्या दिसतात म्हणून. देवानं रागानं उपटून उलटं रोवलं, अशा कथा आफ्रिकेत ठिकठिकाणी सांगतात. कुठं ते झाड फार गर्विष्ठ होतं, कुठं फार कुरकुरं होतं. आपल्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे कितीतरी महिने झाड बोडकं असतं. "झाड मेलंय, पालिकेला कळवू का?" असे फोन मला एप्रिलमध्ये येतात. पावसाच्या तोंडावर पालवी फुटते, तोवर धीर धरा.

फळ खातात का?

हाच खरा प्रश्न. खातात, आणि चवीनं खातात.

फळ लांबट किंवा गोलसर, वीतभर लांब, लोंबत्या देठावर टांगलेलं. वर टणक कवच, त्यावर हिरवट-तपकिरी मखमली लव. दगडानं किंवा हातोडीनं फोडावं लागतं. आत रस नसतोच! गर झाडावरच वाळतो. पांढरट, खडूच्या ढेकळांसारखा, लालसर धाग्यांत गुंतलेला, आणि प्रत्येक ढेकळात एक काळपट बी. ढेकूळ तोंडात टाकलं की पीठ विरघळावं तसं विरघळतं. चव आंबट, किंचित गोड, थोडी लिंबाच्या सालीची आठवण करून देणारी. पहिल्यांदा खाणारे "खडू खाल्ल्यासारखं वाटतं" म्हणतात आणि मग दुसरं ढेकूळ उचलतात.

सेनेगालमध्ये झाडाला गुय आणि फळाला बुय म्हणतात. गर बियांसकट कोमट पाण्यात भिजवायचा, कुस्करायचा, गाळायचा आणि साखर घालून दाट, दुधाळ सरबत करायचं. कुणी त्यात दूध घालतं, कुणी जायफळ. सुदानमध्ये झाड तबल्दी आणि फळ गोंगोलेझ, तिथंही असंच पेय होतं. मलावीत मालाम्बेचा, म्हणजे याच फळाचा, रस बाटल्यांतून विकला जातो. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात राहणारे हद्झा लोक आजही बऱ्याच अंशी शिकार आणि रानमेव्यावर जगतात. त्यांच्या आहाराचा मोठा वाटा या फळाचा. ते गराबरोबर बियाही कुटून घेतात.

स्वाहिली किनाऱ्यावर, म्हणजे मोंबासा, झांजिबार, दार-एस-सलामला, पोरांचा आवडता खाऊ म्हणजे उबुयू किंवा माबुयू. गर चिकटलेल्या बिया साखरेच्या पाकात घोळवतात, लाल रंग आणि कधी तिखट घालतात. चोखायच्या, बी थुंकायची. माझ्या आत्याचे यजमान दार-एस-सलामला नोकरीला होते. सुटीत ते ही पुडी आणायचे. आमची जीभ दोन दिवस लाल असायची. शाळेच्या दारातल्या चिंचेच्या गोळ्यांची ही सख्खी बहीणच. वसईच्या झाडाचं आणि त्या पुडीचं नातं मला कळलं ते पुढे वीस वर्षांनी.

घरी सरबत कसं करायचं?

फळ पक्कं वाळलेलं हवं. हलवलं की आत खुळखुळतं. फोडून गर काढा, बुरशी किंवा कुबट वास असेल तर सरळ टाकून द्या. वाटीभर गराला तीन-चार वाट्या कोमट पाणी, तासभर भिजू द्या, हातानं कोळा. चिंचेचा कोळ काढतो तसंच. गाळून गूळ, चिमूटभर मीठ, भाजलेलं जिरं. उकळू नका, क जीवनसत्त्व जातं. पेक्टिन भरपूर असल्यामुळे सरबत दाटच होतं, फार दाट वाटलं तर पाणी वाढवा.

पानं आणि बिया?

पानं ही पश्चिम आफ्रिकेतली रोजची भाजी. कोवळी ताजी शिजवतात, आणि वाळवून पूड करून वर्षभर ठेवतात. सेनेगालमध्ये या पुडीला लालो म्हणतात आणि ती बाजरीच्या कुसकुसमध्ये घालतात. उत्तर नायजेरियातल्या हौसा घरांत मियान कुका हे कालवण याच पुडीचं. आता भेंडी आठवा: तोच बुळबुळीतपणा, कारण कूळ एकच. भेंडीची बुळबुळ घालवायला आपण जिवाचा आटापिटा करतो, तिथं ती मुद्दाम हवी असते, म्हणजे कालवणाबरोबर खायचा शिजवलेल्या पिठाचा गोळा घशाखाली सुखानं उतरतो.

बिया भाजून खातात, कुटून कालवण दाट करायला वापरतात, काही ठिकाणी कॉफीसारख्या उकळतात. तेलही निघतं, ते आज सौंदर्यप्रसाधनांत जास्त जातं. कच्च्या तेलात खाण्याच्या दृष्टीनं नको असलेली काही मेदाम्लं असतात, तापवल्यावर ती कमी होतात. तेव्हा त्वचेसाठी घेतलेली बाटली फोडणीला वापरू नका.

बाओबाब पावडर "सुपरफूड" म्हणून मिळते. घेऊ का?

युरोपीय संघानं २००८ साली या वाळलेल्या गराला नवं खाद्य म्हणून परवानगी दिली, पाठोपाठ २००९ मध्ये अमेरिकेचा मार्ग मोकळा झाला, आणि तेव्हापासून पावडरीला सुगीचे दिवस आले. हजारो वर्षं खाल्लं जाणारं फळ कागदोपत्री "नवं" ठरलं, हे मला दर वेळी मजेशीर वाटतं.

गरात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतं हे खरं. पण तुलना शंभर ग्रॅमची शंभर ग्रॅमशी करतात. संत्रं तुम्ही अख्खं खाता, पावडर घेता चमचाभर. त्या चमच्यात जेवढं क जीवनसत्त्व येईल त्याहून जास्त एका पेरूत आहे, आवळ्याचं तर विचारूच नका, आणि दोन्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतात. पावडरीची खरी जमेची बाजू म्हणजे चोथा. गराच्या वजनाचा मोठा भाग तंतूंचा असतो आणि त्यातला बराच पाण्यात विरघळणारा. चव आवडली तर जरूर घ्या. जादू होईल म्हणून घेणार असाल तर पैसे वाचवा.

औषधी म्हणतात ते खरं का?

आफ्रिकेत झाडाचा एकही भाग औषधाशिवाय राहिलेला नाही. गर जुलाब-हगवणीवर, पानं ताप आणि दम्यावर, साल हिवतापावर. अ‍ॅडान्सन स्वतः सेनेगालात असताना तापापासून बचाव म्हणून पानांचा काढा घ्यायचा. युरोपात तर एके काळी सालीला सिंकोनाचा, म्हणजे ज्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनाईन मिळतं त्या झाडाचा, पर्याय म्हणून पाहिलं गेलं. ती आशा काही टिकली नाही.

आपल्याकडची नोंद जास्त रंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डायमॉक यांनी भारतीय वनौषधींची मोठी नोंदणी केली. त्यात मुंबईत हा गर ताकात कालवून जुलाब आणि आवेवर देतात असं आहे, आणि कोकणात अंजिराबरोबर दम्यावर, तर पित्तानं बिघडलेल्या पोटासाठी गराचं जिरं-साखर घातलेलं सरबत. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी आपली माणसं हिला ओळखत होती, वापरत होती. मध्ये कुठंतरी ते विसरलं गेलं. गावाकडच्या एखाद्या आजीला अजून आठवत असेल तर मला कळवा, मी ऐकायला येईन.

आजच्या कसोटीवर? तंतू, पेक्टिन आणि आम्लं असलेल्या गरानं पोट सावरायला मदत व्हावी, हे समजण्यासारखं आहे. पिठात गराचा अर्क मिसळून केलेल्या पावामुळे रक्तातली साखर कमी चढते, असं लहान प्रयोगांत दिसलं आहे. पण लहान प्रयोग म्हणजे औषध नव्हे. मधुमेहाची गोळी बंद करून कुणीही सरबत पिऊ नये. लहान मुलाला जुलाब झाले तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय पावडर घेऊ नका, गरात पोटॅशियम बरंच असतं. आणि साल खरवडून काढा करण्याच्या भानगडीत तर पडूच नका.

फूल कधी बघायला मिळेल?

पावसाळ्याच्या आसपास, आणि संध्याकाळनंतर. लांब देठावर लोंबणारं, तळहाताहून मोठं पांढरं फूल, मधोमध पुंकेसरांचा झुपका. अंधार पडताना उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तपकिरी होऊन गळतं. वास नाजूक नाही, जरा उग्रच. तो आपल्यासाठी नाहीच, वटवाघळांसाठी आहे. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी परागीभवन फळं खाणारी वटवाघळंच करतात, दक्षिणेकडे मोठे निशाचर पतंगही करतात.

आमच्या आवारातल्या झाडाला फुलं येतात, फळ का धरत नाही? नर आहे का?

आफ्रिकेतले शेतकरीही कमी फळणाऱ्या झाडाला नर म्हणतात. प्रत्यक्षात प्रत्येक फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. मात्र स्वतःच्या परागांनी फळ सहसा धरत नाही. शेजारी दुसरं झाड नसेल किंवा दिव्यांच्या झगमगाटानं वटवाघळं फिरकत नसतील, तर फुलं नुसतीच गळतात.

खोडात पाणी साठवतं, खरं?

लाकूड स्पंजासारखं मऊ आणि पाण्यानं भरलेलं असतं हे खरं. पण नळ लावून पाणी काढता येत नाही. मादागास्करच्या जातींवरच्या संशोधनात दिसलं की हे पाणी मुख्यतः पावसाआधी नवी पालवी फोडायला खर्ची पडतं आणि एरवी ते खोड ताठ ठेवतं.

माणसांनी मात्र याच्या पोकळीचा खरोखर हौद केला. सुदानच्या कोर्दोफान भागात तबल्दीचं खोड आतून कोरून पावसाळ्यात त्यात हजारो लिटर पाणी भरून ठेवत. उन्हाळ्यात अख्खी वस्ती त्यावर निघायची, आणि अशा झाडांना मालक असत.

साल सोलली तरी झाड जगतं?

बहुतेक झाडांची साल गोलाकार काढली तर ती मरतात. गोरखचिंच पुन्हा साल धरते. म्हणून आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या आतल्या सालीचा वाख काढून दोर, टोपल्या, चटया करतात. लाकूड मात्र निरुपयोगी. ना खांब, ना सरपण. कदाचित म्हणूनच इतकी झाडं कुऱ्हाडीतून वाचली. मेल्यावर तर झाड ओंडका होऊन पडत नाही, ओल्या धाग्यांचा ढीग होऊन खचतं.

पारिजात किंवा कल्पवृक्ष म्हणतात तो हाच का?

उत्तर प्रदेशात बाराबंकीजवळ किंतूर गावी पारिजात म्हणून पुजला जाणारा वृक्ष गोरखचिंचच आहे. त्याची कथा थेट कुंतीशी जोडलेली. अजमेरजवळच्या मांगलियावासचे कल्पवृक्षही हेच. आपला केशरी देठाचा प्राजक्त अगदी वेगळा. श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही. फक्त पूजेच्या नावाखाली बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधू नका.

पोकळ झाडात भुतं असतात असं ऐकलंय.

सेनेगालमध्ये सेरेर लोक आपल्या ग्रिओंना, म्हणजे वंशावळी आणि पोवाडे गाणाऱ्या भाटांना, पोकळ बाओबाबमध्ये ठेवत. त्यांना जमिनीत पुरलं तर पीक जातं, अशी समजूत होती. ही चाल १९६० च्या दशकात बंद झाली. वसईच्या झाडात मला आजवर चिप्सची रिकामी पाकिटं सापडली आहेत.

बी लावायचं कसं?

कवच कठीण असतं. बी एका कडेला सँडपेपरनं घासा, किंवा कढत पाण्यात टाकून ते थंड होईपर्यंत आणि पुढे दिवसभर भिजवा. मग वाळू-मातीच्या निचऱ्याच्या मिश्रणात इंचभर खोल, ऊबदार दिवसांत. दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. सुरुवातीची पानं साधी, एकेकटी असतात, पंजा नंतर येतो. दरवर्षी कुणीतरी "तुम्ही भलतंच बी दिलंत" म्हणून भांडायला येतं.

रोपाला पाणी बेतानं. पानं गळलेल्या काळात जवळजवळ बंद. कोकणच्या पावसात कुंडी वळचणीखाली घ्या, नाहीतर मूळ कुजतं. बियांपासूनच्या झाडाला फुलं यायला पंधरा-वीस वर्षंही लागतात, कलम केलेलं बरंच लवकर फळतं.

बोन्साय होतो का?

छान होतो. जाड बुंधा लहानपणीच दिसू लागतो, छाटणी सोसतो, पाणी द्यायला विसरलात तरी रुसत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माझी शिफारस हीच.

सोसायटीत लावू का?

आवार मोठं असेल, मोकळं मैदान असेल तर लावा. भिंतीपासून, गटारापासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. मुळं दूरवर पसरतात आणि बुंधा किती फुगेल याचा आज अंदाज येत नाही. पार्किंगमध्ये लावाल तर पन्नास वर्षांनी कुणीतरी तोडायला निघेल. सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरची एक म्हातारी गोरखचिंच मेट्रोच्या कामात गेलीच. बदल्यात नवी रोपं लावू म्हणतात तेव्हा मला फक्त हिशेब आठवतो: पहिलं फूल वीस वर्षांनी.

मोठं झाडच उचलून आणलं तर?

केनियात किलिफी भागातले जुने बाओबाब उपटून जहाजानं जॉर्जिया या देशातल्या एका उद्यानात न्यायचा घाट २०२२ साली घातला गेला. एवढा गदारोळ झाला की राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी परवान्यांच्या चौकशीचा आदेश दिला. मुळं तोडून ट्रकवर चढवलेलं झाड लगेच मरत नाही, साठवलेल्या पाण्यावर वर्ष-दोन वर्षं पालवीही फोडतं, आणि तेवढ्यात ठेकेदाराचं बिल निघून गेलेलं असतं.

आफ्रिकेतली जुनी झाडं मरताहेत, हे खरं?

दुर्दैवानं हो. पात्रुत यांच्या गटानं २०१८ मध्ये सांगितलं की सर्वांत जुन्या १३ पैकी ९ आणि सर्वांत मोठ्या ६ पैकी ५ झाडं आधीच्या बारा वर्षांत पूर्ण मेली तरी किंवा त्यांचे सर्वांत जुने भाग कोसळले. पांके त्यांतलंच. बोत्स्वानातलं चॅपमनचं झाड २०१६ च्या जानेवारीत कोसळलं. दक्षिण आफ्रिकेत तर एका झाडाच्या पोटात चक्क बार चालायचा, तेही फुटलं. रोग सापडला नाही. वाढतं तापमान आणि दुष्काळ यांवर संशय आहे, सिद्ध झालेलं नाही. ही पडझड आफ्रिकेच्या दक्षिण भागात जास्त आहे. शिवाय दुष्काळात तहानलेले हत्ती साल आणि ओलं लाकूड ओरबाडून खातात, ते वेगळंच.

मुंबईच्या आसपास कुठं बघू?

वसईचा किल्ला, भायखळ्याची राणीची बाग. फुलासाठी जायचं तर अंधार पडायच्या बेतात जा आणि मान वर करून थांबा. फळासाठी हिवाळ्यात जा, पण दगड मारून पाडू नका. खाली पडलेलंच घ्या, तेच पिकलेलं असतं. फोडायला सोबत हातोडी लागेल, मी पिशवीत ठेवते.